साडेचार ते सहा: मुलांचं वजन, फास्ट फूड आणि ‘ज्याची त्याची जबाबदारी’

कोलशेतकर (धागाकर्ता)

शाळा सुटते साडेचारला, क्लास भरतो सहाला. मधल्या दीड तासात पाचवी ते आठवीतलं पोर रस्त्यावर असतं, खिशात पन्नासची नोट नाहीतर हातात आईचा यूपीआयवाला फोन. ठाण्यात नौपाड्याचा गोखले रोड घ्या, घोडबंदर रोडवर मानपाडा घ्या, वाशीत सेक्टर १७ घ्या, चित्र तेच. क्लासच्या जिन्याखाली वडापाव, चायनीज भेळ, चीज सँडविच, आणि थोडं पुढे गेलं की बर्गर-पिझ्झ्याची काचेची दुकानं.

मुलांच्या वजनाचा विषय निघाला की चर्चा ‘आईबाप काय झोपलेत का’ आणि ‘कंपन्यांना धरा’ यांच्यामध्येच घुटमळते. पुढे सरकतच नाही. इथे आहारवाले, कँटीनवाले, कायदेवाले सगळे आहेत, म्हणून धागा काढतोय. मतं कमी, आकडे आणि कृती जास्त. कुठली गोष्ट नेमकी कोणाच्या हातात आहे, एवढंच सांगा.

जास्वंद

आधी मोजा, मग भांडा. आणि ‘गुटगुटीत’, ‘खात्यापित्या घरचा’ हे शब्द मोजून होईपर्यंत बाजूला ठेवा.

उंची घेताना बूट-मोजे काढायचे, टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला, नजर सरळ समोर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून डोक्यावर टेकवायचं आणि त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलने खूण करायची. मुलीचा आंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडायची, नाहीतर दोन सेंटीमीटर फुकटचे मिळतात. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यात. काटा उघड्या फरशीवर हवा, पायपुसण्यावर ठेवला की चुकीचं दाखवतो. प्रगतिपुस्तकातली उंची घेऊ नका, ती बरेचदा घाईत बुटांसकट मोजलेली असते.

मग किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हाच बीएमआय. दहा वर्षांचा मुलगा धरा, उंची १३८ सेंमी, वजन ४२ किलो. १.३८ गुणिले १.३८ म्हणजे १.९०. ४२ भागिले १.९०, उत्तर २२.

बहुतेक घरं इथे फसतात. मोठ्या माणसाचा बीएमआय २२ असेल तर उत्तमच, म्हणून बाबा खूष. पण मुलांचा आकडा वयाप्रमाणे वाचायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलाला १८.५च्या वर जादा वजन आणि २१.४च्या वर लठ्ठपणा धरतात. मुलीसाठी तेच १९ आणि २२.६. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे तक्ते पाच ते अठरा वयासाठी आहेत, त्यात प्रौढांच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळवलेल्या रेषा आखलेल्या आहेत. डॉक्टरांकडे तो तक्ता असतो, मागून घ्या. म्हणजे आपला २२वाला मुलगा ‘थोडा गोल’ नाही, लठ्ठ आहे.

घरच्या घरी आणखी सोपं हवं असेल तर शिंप्याचा टेप. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली की पोटावर चरबी आहे असं समजा. १३८ सेंमीच्या मुलाची कंबर ६९च्या आत हवी.

सहा महिन्यांतून एकदा हे करायचं. दर आठवड्याला नाही. मूल काट्याला घाबरायला लागलं की लपून खातं.

खारघरवाला

माहिती चांगली आहे जास्वंदताई, पण मूळ मुद्दा तसाच राहतो. बर्गर काही पोराच्या तोंडात उडी मारत नाही. पैसे घरातून येतात. उद्या वडापाववाल्यालाही जबाबदार धरणार का?

तिरफळ

धरूया की. आधी हिशेब तरी बघा.

गाडीवरचा वडापाव: पाव ५० ग्रॅम, साधारण १३५ कॅलरी. वडा सत्तरेक ग्रॅमचा. त्यात बटाटा ४५ ग्रॅम म्हणजे ४० कॅलरी, बेसन १२ ग्रॅम म्हणजे ४५, आणि तळताना प्यायलेलं तेल सात-आठ ग्रॅम म्हणजे ६५-७०. सुकी लसूण चटणी धरून सगळा मिळून तीनशेच्या आसपास.

साखळीतला आलू टिक्कीचा बर्गर: ३४०च्या घरात.

म्हणजे दोघे सख्खे भाऊ. ‘आपला वडापाव बरा, तो बर्गर वाईट’ हे नुसतं अभिमानाचं गणित आहे. फरक पुढे पडतो. बर्गरच्या काउंटरवर ‘मील करू का?’ असं विचारतात, आणि त्या एका ‘हो’मध्ये मध्यम फ्राइजचे सव्वातीनशे आणि ३०० मिली कोलाचे सव्वाशे ते एकशेतीस येऊन बसतात. एकूण आठशेच्या घरात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १७०० कॅलरी आहे. जवळपास निम्मा दिवस एका ट्रेमध्ये संपला. आणि पोर आठला घरी येऊन जेवतंच.

कोलामध्ये १०० मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. ३०० मिलीत ३२ ग्रॅम, सपाट भरलेले आठ चमचे. १७०० कॅलरीवाल्या मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याने वरची साखर फार तर ४२ ग्रॅम, आणि शक्यतो २१. एका पेल्यात २१चा कोटा पार.

गाडीवाला सुटला असं समजू नका. हल्ली वडापावातही चीज, मेयो, शेजवान, बटर सगळं भरतात. बटरचे १० ग्रॅम म्हणजे ७० कॅलरी. अंड्याचं घट्ट मेयो एक मोठा चमचा म्हणजे शंभरच्या आसपास. दोन्ही घातलं की तीनशेचा वडापाव पावणेपाचशेला जातो, आणि पोटाला ते कळतही नाही. एक साधा वडापाव आणि घरचं ताक घेतलेलं मूल कॉम्बोवाल्या मुलाच्या निम्म्यावर असतं. माझा राग कॉम्बोवर आहे, पदार्थावर नाही.

खारघरवाला

मग ‘मील नको’ म्हणायला आईबापांनी शिकवावं. माझाच मुद्दा झाला ना!

ॲडहोक

खारघरवाला, तुमचा मुद्दा अमेरिकेत कोर्टात लढून झालाय, म्हणून थोडं सविस्तर.

२००२मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या दोन शाळकरी मुलींच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर दावा लावला गेला. जानेवारी २००३मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी तो फेटाळला. भर असा की, जास्त तेलकट-गोड खाल्लं तर वजन वाढतं हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा स्वतः हावरेपणाने खाऊन दुकानाला दोष देता येणार नाही. लोक इथपर्यंतच वाचतात. त्याच निकालात चिकन नगेट्सचा उल्लेख आहे. घरच्या स्वयंपाकात कोणी वापरत नाही असे घटक त्यात आहेत, मग नुसतं तळलेलं चिकन समजून खाणाऱ्याला धोका ‘ठाऊक होता’ असं म्हणता येईल का, अशी न्यायाधीशांची शंका होती. दुरुस्त करून आणलेला दावाही फेटाळला गेला, अपिलात थोडा जिवंत झाला आणि २०१०मध्ये सगळ्या मुलांच्या वतीने एकत्र लढायची परवानगी नाकारली तेव्हा त्यातली हवा गेली.

दरम्यान मार्च २००४मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाने असे दावेच बंद करणारं विधेयक मंजूर केलं. त्याच्या नावातच ‘व्यक्तिगत जबाबदारी’ होती. लोक त्याला चीजबर्गर विधेयक म्हणायचे. २००५मध्ये पुन्हा मंजूर झालं, पण सिनेटमध्ये कायदा झालं नाही. राज्याराज्यांनी मात्र तसे कायदे केले. सांगायचं कारण, हा शब्दप्रयोग आकाशातून पडलेला नाही, खटले टाळण्यासाठी तो घासूनपुसून वापरला गेला.

आता आपल्याकडचं. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ११ने अठरा वर्षांखालच्याला करार करण्यास सक्षम धरलेलं नाही. ज्या मुलाने मोबाइलचं सिमकार्ड स्वतःच्या नावावर घ्यायचं नाही, त्याने ‘मील करू का’ या प्रश्नाला पूर्ण समजून उत्तर दिलं असं कसं धरणार? मोठ्या माणसाची व्यक्तिगत जबाबदारी मी मान्य करतो. अकरा वर्षांच्या मुलाला ती लावली की विकणारा आपली जबाबदारी त्याच्या दप्तरात टाकतोय.

जाहिरातींचं म्हणाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. चिप्स, कार्बोनेटेड पेयं अशा जंक फूडची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा फक्त मुलांसाठीच्या वाहिनीवर करायची नाही. मुलं हल्ली ती वाहिनी बघतच नाहीत, हा भाग वेगळा.

पामबीच

शाळेच्या आसपासचा नियम बरेच जण चुकीचा सांगतात, म्हणून लिहितो.

एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) मुलांच्या शालेय आहाराचे नियम २०२०चे, अंमल १ जुलै २०२१पासून. जास्त स्निग्धांश, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरपर्यंत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही, फुकट वाटायचे नाहीत. म्हणजे क्रीडादिनाला एखाद्या कंपनीने बिस्किटांचे पुडे वाटले तर तेही बसत नाही. महाराष्ट्र सरकारने त्याआधीच मे २०१७मध्ये शाळेच्या कँटीनमधून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, थंड पेयं काढायला सांगितलं होतं.

५० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साठ-सत्तर पावलं. नौपाड्याच्या गल्लीत तेवढ्यात वळणसुद्धा येत नाही. आणि मोजपट्टी शाळेच्या फाटकापासून लागते, क्लासच्या जिन्यापासून नाही. कोलशेतकरांनी सांगितलेला साडेचार ते सहाचा वेळ या नियमाच्या बाहेरच पडतो. डिलिव्हरी ॲपला तर फाटकच नसतं.

त्यापेक्षा हातात असलेलं हत्यार वापरा. जुलै २०२२पासून दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांनी मेन्यूवर प्रत्येक पदार्थासमोर किलोकॅलरी लिहायला हवी. काउंटरवरच्या फळीवर बारीक अक्षरात असते, ॲपवर पदार्थाच्या नावाखाली. मुलालाच वाचायला सांगा: बर्गर एकटा किती, मील किती. पाचवीच्या मुलाला वजाबाकी येते. फळीवर लिहिलेलं नसेल तर फोटो काढून फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

एक पळवाट लक्षात ठेवा. त्याच फळीवर ‘प्रौढाची सरासरी गरज २००० किलोकॅलरी’ असं वाक्य असतं. पुड्यांवरची टक्केवारीही त्याच २०००वर काढलेली असते. आठ वर्षांच्या मुलाला ती जशीच्या तशी लावली तर आकडा कमी दिसतो. आणि पुड्यावर आधी ‘प्रति सर्व्ह’ किती ग्रॅमचं धरलंय ते बघा. पुडा ५० ग्रॅमचा आणि सर्व्ह २० ग्रॅमचा, हा जुना खेळ आहे. सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ. ४०० मिग्रॅ सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ.

चकली_मोडली

मग कर लावा ना सरळ! केरळने लावला होता.

पामबीच

लावला होता, २०१६मध्ये, १४.५ टक्के, ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झ्यावर. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो त्यात विरून गेला. तिरफळ यांचं गणित बघता तो लावलाही वेडावाकडा होता, गाडीवरचं तळण त्यात नव्हतंच.

ब्रिटनचा एप्रिल २०१८चा पेयांवरचा कर बघण्यासारखा आहे. १०० मिलीला ५ ग्रॅमखाली साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ला कमी, ८च्या वर जास्त. कंपन्यांनी कर लागायच्या आधीच साखर उतरवली. आपल्याकडे कार्बोनेटेड पेयांवर २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी आहे, त्याआधी २८ अधिक १२चा उपकर होता. पण साखर दहा ग्रॅम असो की शून्य, दर तोच. मग कंपनीने साखर का कमी करावी?

पावशेर

शाळेचं कँटीन चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. सगळे म्हणतात समोसे काढा, फळं ठेवा. समोसा का टिकून आहे ते कोणी विचारत नाही.

मधली सुट्टी वीस मिनिटं. तीनशे मुलं, दोन खिडक्या. वीस मिनिटांचे १२०० सेकंद, दोन खिडक्यांचे २४००. एका मुलाला आठ सेकंद येतात, त्यात सुटे पैसेही आले. आठ सेकंदांत तुम्ही समोसा देऊ शकता, वेफरचा पुडा देऊ शकता. भेळ कालवून देऊ शकत नाही, डोसा तर विसराच. समोसा सकाळी साताला तळला तर साडेदहापर्यंत खपतो. चिरलेलं कलिंगड ठाण्याच्या मे महिन्यात दोन तासांत पाणी सोडतं. ओल्या नारळाची चटणी पावसाळ्यात साडेदहाला आंबलेली असते. म्हणून तळण जिंकतं. चवीचा भाग नंतर.

बदलायचं असेल तर वेळ बदला. कूपन आदल्या दिवशी वर्गात घ्यायचं आणि माल वर्गवार क्रेटमध्ये पोचवायचा. खिडकीच बंद. मग हे चालतं:

उकडलेले काळे चणे. एक किलो सुके चणे भिजून शिजून सव्वादोन किलोच्या आसपास होतात. ६० ग्रॅमचा कागदी कोन भरला तर सदतीस-अडतीस मुलं. आठ ते दहा तास भिजवायचे, कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मीठ शिजतानाच. पाणी पूर्ण निथळून परातीत पसरून वाफ जाऊ द्यायची. गरम चणे झाकणबंद डब्यात भरले की लवकर तार सुटते, हीच सगळ्यात मोठी चूक होते. कांदा-टोमॅटो आधी मिसळायचे नाहीत, पाणी सुटून कोन फाटतो. चाट मसाला सुका, लिंबाची फोड वेगळी.

इडली दोन नगांची, सोबत पातळ चटणीऐवजी शेंगदाण्याची सुकी चटणी दहा ग्रॅम. केळी: अर्धी कच्ची अर्धी पिकी असा माल घ्यायचा, नाहीतर गुरुवारपर्यंत काळी पडतात. वाशी मार्केट जवळ असल्याने नवी मुंबईतल्या शाळांना रोज ताजा माल आणणं ठाण्यापेक्षा सोपं जातं.

तळण पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा ठेवा, पण तेलाकडे बघा. १७० ते १८० अंशांवर तळलं तर वडा कमी तेल पितो. गर्दीत एकदम तीस वडे सोडले की तेल थंड पडतं आणि वडा स्पंज होतो. २०१८पासूनच्या नियमाने तेलातले ध्रुवीय घटक (पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळणीसाठी बाद. मीटर नसेल तर डोळे आहेत. कढईच्या कडेला फेस टिकून राहायला लागला, तेल दाट झालं, नेहमीच्या आचेवर धूर आला की टाकायचं. जुन्यात नवीन तेल ओतून रंग उजळवणारे पुष्कळ आहेत. पालक समितीने जाऊन बघायचं असेल तर भिंतीवरचे तक्ते बघू नका, सकाळी पावणेसातला कढई बघा.

जास्वंद

पावशेर, हा प्रतिसाद छापून प्रत्येक पालक समितीला द्यायला हवा. आठ सेकंदांचा हिशेब पटला.

खारघरवाला, तुमच्या ‘घरची जबाबदारी’ला माझा विरोध नाही, फक्त ती नीट वाटून घ्या. काय आणायचं, किती वाजता वाढायचं, कुठे बसून खायचं हे मोठ्यांचं काम. त्यातलं किती खायचं हे मुलाचं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय खायचं ते मूल ठरवतं, आणि किती ते आजी ठरवते. ‘एक घास काऊचा’ दोन वर्षांच्या बाळाला ठीक, अकरा वर्षांच्या मुलाला टीव्हीसमोर पाचवी पोळी भरवताना नाही. ‘ताटात टाकायचं नाही’ हा नियम ठेवायचा असेल तर आधी ताटात कमी वाढा.

साडेचारला पोर खरंच भुकेलेलं असतं. डबा साडेदहाला झालेला, मध्ये सहा तास. त्या भुकेला ‘बाहेरचं खाऊ नको’ हे उत्तर नाही. दप्तरात दुसरा छोटा डबा द्या, २०० ते २५० कॅलरींचा, थोडी प्रथिनं असलेला. उकडलेलं अंडं आणि केळं. किंवा मूठभर चणे-शेंगदाणे आणि एक फळ. किंवा भाजणीचं लहान थालीपीठ, तव्यावर एक चमचा तेलात. जेलीचा डबा किंवा गोड बिस्किटं दिली तर तासाभरात परत भूक लागते आणि जिना उतरल्यावर वडापाव ठरलेलाच.

आणि वाढत्या मुलाचं वजन उतरवायच्या मागे लागू नका. वरच्या उदाहरणातला मुलगा घ्या. ४२ किलो तसेच टिकवले आणि दोन वर्षांत उंची १३८वरून १५० झाली, तर बीएमआय ४२ भागिले २.२५, म्हणजे १८.७. बाराव्या वर्षी जादा वजनाची रेषा १९.९ला आहे. एक किलोही न उतरवता पोर सामान्य रेषेत आलं. त्याला उपास, प्रोटीन पावडर, ‘डिटॉक्स’ काही लागत नाही. खूपच जास्त लठ्ठ असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल तर गणित बदलतं, ते डॉक्टरांसोबत.

चकली_मोडली

बरेचदा ऐकायला येतं, ‘थायरॉइड असेल, तपासून घ्या.’ कितपत खरं?

जास्वंद

उंचीकडे बघा. नुसत्या खाण्याने लठ्ठ झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. वजन वाढतंय आणि उंची मात्र वर्गात मागे पडत चाललीय, अशा वेळी थायरॉइड आणि इतर हार्मोन तपासायला हवेत. उंच आणि जाड मुलाच्या बाबतीत ते कारण क्वचित निघतं.

त्यापेक्षा मान बघा. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नाही. बेसन-हळद लावून, काथ्याने घासून पोराची मान लाल करतात, पण काळेपणा जात नाही, कारण तो शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची खूण आहे. अशा मुलाची उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, आणि यकृताची एएलटी तपासून घ्या. रक्तदाब मोजताना पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पट्ट्याने आकडा खोटा जास्त येतो.

झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबल्यासारखं होणं, लंगडणं किंवा खुब्यात-गुडघ्यात दुखणं, यात थांबू नका. लठ्ठ मुलाचं गुडघेदुखीचं मूळ कधी कधी खुब्याचं हाड सरकण्यात असतं, आणि त्याला उशीर परवडत नाही.

खारघरवाला

बरं, मान्य. पण खेळाचं कोणी बोललं नाही. पोरं हलत नाहीत हे खरं कारण आहे. सोसायटीत खेळायला जागा कुठे आहे, सगळीकडे गाड्या.

तिरफळ

खेळ हवाच, पाच ते सतरा वयाला दिवसाला एक तास दम लागेल इतका. पण खाल्लेलं फेडायला म्हणून नाही. ४० किलोचं मूल अर्धा तास भराभर चाललं तर फार तर शंभरेक कॅलरी जातात. फ्राइजसाठी दीड तास चालावं लागेल. तलावपाळीला फेऱ्या मारून येताना कुल्फी खाल्ली की हिशेब मायनसमध्ये.

जागेचं म्हणाल तर संध्याकाळी पाच ते सात स्टिल्टखालच्या निम्म्या गाड्या ऑफिसलाच असतात. त्या रिकाम्या जागेत ‘खेळण्यास मनाई’चा बोर्ड कमिटीने लावलेला असतो. तो काढायला ना कंपनी लागते ना सरकार.

घरी बर्गर करायचा असेल त्यांच्यासाठी चार टिक्क्यांचं माप. २०० ग्रॅम बटाटे सालासकट आणि न कापता उकडा, सोला, तासभर फ्रिजमध्ये. कापून उकडले की पाणी पितात आणि टिक्की तव्यावर फुटते. १०० ग्रॅम शिजलेला राजमा हाताने चुरडून, बारीक वाटायचा नाही. दोन मोठे चमचे जाडे पोहे कोरडे भाजून मिक्सरला फिरवलेले, ते ओलावा शोषतात. बारीक चिरलेला कांदा मूठभर, पिळून. पाऊण चमचा मीठ. टिक्की दीड सेंटीमीटर जाड. चार टिक्क्यांना मिळून चार लहान चमचे तेल, मध्यम आच, एका बाजूला चार मिनिटं, तोवर उलथनं लावायचं नाही. बहुतेक टिक्क्या दुसऱ्याच मिनिटाला उलटायच्या घाईत मोडतात.

टिक्की १३०, बन १६०, घट्ट दह्यातली पुदिना चटणी दहा. एकूण तीनशे. म्हणजे विकतच्या बर्गरपेक्षा थोडंच कमी! खोटं कशाला सांगू. मिळकत आहे ती राजम्याची प्रथिनं, चोथा, मिठावरचा ताबा आणि सोबत फ्राइज-कोला नसणं यात.

कोलशेतकर (धागाकर्ता)

हवं होतं तसं मिळतंय. पावशेर साहेब, एक शंका. क्लासवाल्यांनी कूपनचा प्रकार करायचा म्हटला तर? पन्नास मुलांची बॅच, साडेपाचला खाऊ, शिकवणीच्या खोलीत स्वयंपाकघर नाही.

पावशेर

पन्नासला जमतं, शाळेपेक्षा सोपं. चणे दीड किलो सुके घ्या, साठ-साठ ग्रॅमचे पंचावन्न कोन निघतात, पाच जादाचे. एखाद्या नोंदणी असलेल्या घरगुती डबेवाल्या ताईंना द्या, एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक बिलावर बघून. चणे दुपारी दोनला शिजवायचे, सकाळी नाही. पोचवायची वेळ पाच, खायची साडेपाच. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, एवढं आधीच ठरवून घ्या, वाद तिथेच होतो.

पावसाळ्यात कागदी कोन सादळतात, त्याऐवजी स्टीलच्या वाट्या ठेवा आणि धुवायचं काम कोणाचं ते बॅचवार लावून द्या. पाण्याचा पिंप दाराजवळ हवा. तो आतल्या खोलीत असला की मुलं खाली उतरून थंड बाटली घेऊन येतात.